कलावंत आणि योद्धा एकच का असावेत? एका कल्पित परग्रही समाजाविषयी

अर्धमात्रा

मी सध्या एक दीर्घ विज्ञानकथा लिहीत आहे आणि तिच्यातल्या एका गाठीपाशी अडले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

कथेतला समाज मानवी नाही. ओरव नावाचे हे जीव दाट वातावरणाच्या आणि मंद उजेडाच्या एका ग्रहावर राहतात. त्यांना चार हात आहेत, आणि पाठीपासून कुशीपर्यंत त्वचेवर असे पट्टे आहेत की ज्यांचा रंग ते क्षणार्धात बदलू शकतात. ते लहान लहान कुळांमध्ये राहतात आणि झऱ्यांवरून किंवा उबदार दऱ्यांवरून कुळाकुळांत तंटे होतात. या समाजात जे गातात, नाचतात आणि नाट्य सादर करतात तेच लढतात. त्यांना मी रंगवीर म्हणते. त्यांच्यावाचून कुळाकडे दुसरे सैन्य नाही आणि दुसरे कलावंतही नाहीत. इतर ओरव शेती करतील, घरे बांधतील, मुले वाढवतील, पण ते चारचौघांत गाणार नाहीत आणि शस्त्रही उचलणार नाहीत.

हे चित्र मला अतिशय प्रिय आहे, पण त्यामागचे कारण हाती लागत नाही. दोन्ही कामांना कमावलेले शरीर लागते हे उत्तर मला पुरत नाही, कारण कमावलेले शरीर गवंड्यालाही लागते. पूर्वजांनी तसे ठरवून दिले, हे सांगणे म्हणजे प्रश्न एक पिढी मागे ढकलणे झाले. मला असे कारण हवे आहे की ही दोन कामे वेगळ्या माणसांकडे, म्हणजे वेगळ्या ओरवांकडे, सोपवली तर तो समाज चालूच शकणार नाही. आपल्याला काय वाटते ते कृपया सविस्तर लिहावे.

गारगोटी

शरीराचे कारण इतक्या लवकर मोडीत काढू नये असे मला वाटते. सराईकेला येथील छाऊ नृत्याचा पाया ज्या सरावावर उभा आहे त्याचे नावच फरीखंडा, म्हणजे ढाल आणि तलवार, असे आहे. केरळात कळरिपयट्टू या युद्धकलेच्या आखाड्यातली मेहनत आणि पायांनी केले जाणारे तेलाचे मर्दन कथकलीच्या शिक्षणात आले, आणि सुरुवातीचे कितीतरी नट लढवय्या घराण्यांतलेच होते. तोल, श्वास, नजर आणि पावलांची अचूकता या चार गोष्टी एकदा अंगात मुरल्या की त्या रंगमंचावर वापरायच्या की रणांगणावर, हा प्रश्न फक्त प्रसंगाचा उरतो. एकच लांबलचक शिक्षण दोन ठिकाणी उपयोगी पडत असेल, तर लहानशा कुळाला दोन वेगळे वर्ग पोसणे परवडणार नाही.

तळटीप

गारगोटी यांनी दिलेली उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्याच छाऊ नृत्यात शेण गोळा करणे आणि सडा टाकणे अशा घरकामांवरून घेतलेल्या हालचालीही आहेत. नृत्य जिथून मिळेल तिथून हालचाली उचलते. तेवढ्यावरून नर्तकाने लढायलाही जावे असे ठरत नाही.

शिवाय इतिहासात याच्या अगदी उलट व्यवस्थाही सापडते. प्राचीन ग्रीसमध्ये दवंडी देणारा आणि निरोप नेणारा दूत अवध्य मानला जाई. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला इतिहासकार डायोडोरस केल्ट लोकांविषयी लिहितो की, दोन सैन्ये तलवारी उपसून आणि भाले रोखून समोरासमोर आली असताना त्यांचे तत्त्वज्ञ आणि कवी मध्ये जाऊन उभे राहत आणि लढाई थांबवत. हे त्यांना साधत असे, कारण दोन्ही बाजू त्यांना मानत. तो कवी उद्या एका बाजूने भाला घेऊन उभा राहिला, तर परवा त्याचे कोण ऐकणार?

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. ज्या समाजात लेखन नाही किंवा थोडे आहे, तिथे गाणाऱ्याच्या कंठातच कुळाचा सगळा ठेवा असतो. वंशावळी, करार, सीमा, ऋतूंचे ज्ञान हे सगळे ज्याला मुखोद्गत आहे, त्याला लढाईच्या पहिल्या रांगेत उभे करणे हा शुद्ध अविचार आहे. धागालेखिकेने आधी या आक्षेपाचे उत्तर शोधावे, आणि ते मिळत नसेल तर हे दोन वर्ग वेगळे करावेत.

मासोळी

तळटीप यांचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर वाचण्यासाठी मी इथे थांबून आहे.

दूरस्थ

उत्तर माणसांच्या इतिहासाआधी प्राण्यांत शोधावे असे मी सुचवतो, कारण ओरव माणसे नाहीत.

फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी अवाढव्य मोठी असते. भरती ओसरलेल्या चिखलावर तो आपल्या बिळाच्या तोंडाशी उभा राहून ती नांगी वर उचलतो, बाहेर फेकतो आणि पुन्हा छातीशी आणतो. ही हालचाल तो ठरलेल्या लयीत पुन्हा पुन्हा करतो आणि शेजारचे नरही तेच करत असतात. माद्या ते पाहून जोडीदार निवडतात. दुसरा नर बीळ बळकावायला आला की त्याच नांगीने झुंज होते. म्हणजे नाचण्याचे साधन आणि लढण्याचे साधन इथे एकच आहे, आणि त्या नाचाला अर्थ आहे तो याच कारणाने. जी नांगी सतत हलवत ठेवायला ताकद लागते, तिच्या हालचालीतून ताकद दिसते. महागडे संकेतच विश्वासार्ह असतात ही कल्पना जीवशास्त्रज्ञ आमोट्झ झहावी यांनी १९७५ साली मांडली, आणि बरीच वादावादी होऊन ती आज वेगवेगळ्या रूपांत टिकून आहे.

आता एका खेकड्याकडून समूहाकडे येऊ. सेरेंगेटीच्या सिंहिणींना अनोळखी डरकाळ्यांचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा असे दिसले की त्या जणू आवाज मोजतात. एकच डरकाळी असेल तर चालून जातात, तीन असतील तर आपण किती आहोत हे पाहून सावधपणे ठरवतात. ऑस्ट्रेलियातल्या मॅगपाय-लार्क या पक्ष्याची जोडी युगुलगान गाते, आणि ते जितके नेमके जुळलेले असेल तितकी ती जोडी ऐकणाऱ्या शेजाऱ्यांना अधिक धोकादायक वाटते. दोघांचे आवाज मोठे असून भागत नाही, ते एकमेकांत बसावे लागतात, आणि असे बसणे दीर्घ सहवासाशिवाय येत नाही. एडवर्ड हेगन आणि ग्रेगरी ब्रायंट यांनी २००३ साली मानवी संगीत आणि नृत्याविषयी नेमके हेच प्रतिपादन केले की, सामूहिक सादरीकरण म्हणजे आपली युती किती पक्की आहे याचा इतरांना दिलेला पुरावा होय.

तेव्हा रंगवीरांचे सादरीकरण करमणुकीसाठी नाही असे समजावे. दोन कुळे समोरासमोर आली की आधी दोघेही सादर करतात. ज्याचे गाणे आणि नृत्य अधिक सुसंघटित, त्याच्याशी लढण्यात अर्थ नाही हे समोरच्याला कळते आणि तो मागे सरतो. बहुतेक तंटे इथेच मिटतात. डायोडोरसचा कवी लढाई थांबवतो तो आदराच्या बळावर, आणि रंगवीर थांबवतो तो माहितीच्या बळावर.

उल्का

दूरस्थ यांनी लिहिले त्याचे एक मानवी रूप मला ठाऊक आहे आणि ते इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. माओरी लोकांमध्ये लढाईला निघण्यापूर्वी योद्धे शस्त्रे घेऊन युद्धनृत्य करत, आणि त्यात सगळे एकदम उंच उडी घेत. त्या वेळी वृद्ध स्त्रीपुरुष बाजूला वाकून, जवळजवळ जमिनीलगत डोळे नेऊन, उड्या मारणाऱ्यांच्या पायांखालून पाहत. सगळे पाय एकाच क्षणी जमिनीवरून सुटलेले असले तर ठीक, पण एखादाही पाय मागे राहिलेला दिसला तर तो अपशकुन मानला जाई आणि मोहीम पुढे ढकलली जाई.

अपशकुन हा शब्द आपण वापरतो, पण ती परीक्षा किती शहाणपणाची आहे ते पाहावे. ज्या पथकाला एकत्र उडी घेता येत नाही, ते घोषणा किती मोठ्याने देते याला महत्त्व नाही. माझा प्रश्न असा आहे की ओरवांमध्ये ही परीक्षा घेतो कोण? शत्रूने पाहण्याआधी घरच्या कुणीतरी पाहायला हवे, आणि पाहणारा स्वतः त्या रांगेत नसावा.

शुक्रतारा

सादरीकरणाचा परिणाम पाहणाऱ्यावर होतो तसाच करणाऱ्यावरही होतो, आणि ती बाजू अजून इथे आलेली नाही.

इसवी सनापूर्वी ४१८ साली मँटिनियाच्या लढाईत स्पार्टाचे सैन्य पाव्यासारख्या वाद्याच्या तालावर सावकाश पुढे सरकले. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस मुद्दाम नोंदवतो की हे धर्मविधी म्हणून नव्हते. पावले सारखी पडावीत आणि मोठी सैन्ये चालून जाताना रांग जशी फुटते तशी ती फुटू नये, म्हणून ती योजना होती. त्यानंतर पुष्कळ शतकांनी, १५९४ साली, नेदरलँड्समध्ये विल्यम लुईस याने आपला चुलतभाऊ मॉरिस याला पत्रातून बंदूकधाऱ्यांच्या रांगांची एक रचना कळवली. पहिल्या रांगेने बार काढून मागे जायचे, दुसरीने पुढे यायचे आणि तोवर पहिलीने पुन्हा बंदूक ठासायची. हे जमावे म्हणून प्रत्येक हालचाल सुटी करून तिचा क्रम बांधला गेला आणि १६०७ साली त्या क्रमाचे चित्रमय पुस्तक निघाले. ती चित्रे एकामागोमाग पाहिली तर नृत्यशिक्षणाचे पुस्तक पाहत आहोत असेच वाटते.

इतिहासकार विल्यम मॅकनील स्वतः १९४१ साली अमेरिकी सैन्यात भरती झाले होते. टेक्सासमधल्या मैदानावर तासन्‌तास कवायत करताना आपल्याला एक अनपेक्षित, विस्तारल्यासारखी सुखाची भावना आली, असे त्यांनी पुढे लिहिले, आणि त्या अनुभवाचा माग काढत नृत्य आणि कवायत यांचा एकत्रित इतिहास सांगितला. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर झालेल्या प्रयोगात, एकट्याने तेवढीच मेहनत करण्यापेक्षा एकत्र लयीत वल्हवल्यावर वेदना सहन करण्याची क्षमता अधिक वाढलेली आढळली.

तेव्हा मी धागालेखिकेचा प्रश्न उलटा करून विचारतो. कवायत करणारा प्रत्येक सैनिक सामूहिक नृत्यच करत असतो. आपण त्यातले सौंदर्य वेगळे काढून रंगमंचावर ठेवले आणि उरलेल्याला शिस्त म्हटले. ओरवांनी ही फाळणी केलीच नाही, एवढेच कारण पुरणार नाही का?

तळटीप

शुक्रतारा, ते पुरणार नाही. न झालेली फाळणी का झाली नाही हाच तर मूळ प्रश्न आहे.

दूरस्थ यांचा युक्तिवाद मात्र मला विचार करायला लावणारा वाटला, आणि म्हणूनच त्यातले छिद्र दाखवतो. फिडलर खेकड्याची मोठी नांगी तुटली की काही जातींत तिच्या जागी नवी येते. ती लांबीला जवळजवळ तेवढीच भरते, पण वजनाने हलकी आणि स्नायूंनी कमजोर असते. तिने नाचता येते, पण झुंजीत ती कमी पडते, आणि लांबून पाहणाऱ्या शत्रूला हा फरक ओळखता येत नाही. म्हणजे दूरस्थ यांच्याच उदाहरणात ढोंग सुखाने नांदते आहे.

ओरवांच्या बाबतीत हे ढोंग आणखी सोपे आहे. एखादे चतुर कुळ उत्कृष्ट गाणारे वेगळे तयार करील आणि उत्कृष्ट मारणारे वेगळे. गाणारे शत्रूला भीती घालतील, आणि भीती पुरली नाही तर मारणारे झुडपांतून बाहेर येतील. असे कुळ दोन्ही कामांत सरस ठरेल, कारण प्रत्येकाला एकच काम शिकायचे आहे. मग रंगवीर टिकतील कसे?

दूरस्थ

आक्षेप अगदी योग्य जागी आहे, आणि माझ्या मते त्याच्या उत्तरातच धागालेखिकेला हवे असलेले कारण दडलेले आहे.

तळटीप यांचे चतुर कुळ पहिली लढाई जिंकेल. गाणे ऐकून शत्रूने अंदाज बांधला असेल एक, आणि झुडपांतून निघेल दुसरेच. पण त्यानंतर त्या कुळाचे सादरीकरण पाहून कुणीही मागे सरणार नाही, कारण गाणाऱ्यांचा आणि मारणाऱ्यांचा संबंध नाही हे सगळ्या दऱ्यांत कळलेले असेल. आतापर्यंत जो तंटा एका संध्याकाळी गाऊन मिटत होता, त्यासाठी त्या कुळाला आता दर वेळी रक्त सांडावे लागेल. खेकड्यांमध्ये ढोंग टिकते याचे कारण असे की प्रतिस्पर्धी बदलत राहतात आणि झुंज क्वचितच शेवटपर्यंत जाते. ओरवांची कुळे मात्र पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत, आणि त्यांच्या त्वचेवरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असल्याने कोण गात होते आणि कोण नव्हते हे लपत नाही.

त्यातून नियम तयार होतो. जो गाण्यात उभा राहिला त्यालाच भाला उचलता येईल, आणि गाण्यात उभा राहिलेल्या प्रत्येकाला वेळ आल्यास भाला उचलावाच लागेल. गाण्यात न दिसलेल्याने वार केला तर तो योद्धा ठरत नाही, खुनी ठरतो, आणि त्याच्या कुळावर शेजारची सगळी कुळे उलटतात. दोन कामे वेगळी केली की गाण्याचा पुरावा म्हणून उपयोग संपतो, आणि पुरावा संपला की प्रत्येक तंटा शेवटपर्यंत लढावा लागतो. दोन-तीन पिढ्यांत त्या दऱ्या ओस पडतील.

अर्धमात्रा

दूरस्थ, आपला हा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. मला हवे होते ते हेच आहे, आणि ते तळटीप यांनी इतका नेटाने विरोध केला म्हणून मिळाले, त्याबद्दल दोघांचेही मनापासून आभार.

आता एक तांत्रिक प्रश्न विचारते. माझ्या डोक्यात शंभर मीटर लांबीची सरळ रांग आहे आणि समोर साधारण साठ मीटरांवर शत्रू आहे. दाट वातावरणात असे समूहगान कसे ऐकू येईल?

पाणकणीस

ध्वनी हा माझा रोजच्या कामाचा विषय असल्याने याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

वातावरण दाट आहे एवढ्यावरून ध्वनीचा वेग ठरत नाही. तो मुख्यतः वायू कोणता आणि तापमान किती यांवर ठरतो. आपल्या हवेत २० अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तर त्याच तापमानाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे २७० मीटर. ओरवांचा ग्रह जड वायूंचा आहे असे धरू आणि २७० हा आकडा घेऊ.

शत्रूचा ऐकणारा रांगेच्या मध्यासमोर ६० मीटरांवर उभा असेल, तर रांगेच्या टोकाचा गायक त्याच्यापासून सुमारे ७८ मीटरांवर असतो. अंतरातला फरक १८ मीटरांचा, म्हणजे वेळेतला फरक सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण एकत्र वाजवणारे वादक याच्या निम्म्याहून कमी फरकानेही अस्वस्थ होतात. म्हणजे सगळ्यांनी अचूक एका क्षणी सूर लावला तरी सरळ रांगेचे गाणे समोर पोहोचेपर्यंत कडांनी फाटलेले असेल.

यावर उपाय एकच आहे आणि तो अतिशय देखणा आहे. रांग सरळ न ठेवता कमानीसारखी वाकवायची, अशी की ऐकणारा तिच्या केंद्राशी येईल. मग प्रत्येक गायक त्याच्यापासून सारख्याच अंतरावर असतो आणि सगळे सूर एकाच क्षणी पोहोचतात. आता ही कमान वरून पाहा. दोन्ही टोके पुढे आलेली, मधला भाग मागे, आणि शत्रू मध्यात. वेढा घालण्याची रचनाही हीच असते. उत्तम ऐकू यावे म्हणून उभी केलेली मांडणी आणि लढाईला सज्ज मांडणी इथे एकच होते, ती मुद्दाम जुळवून आणावी लागत नाही.

पण कमानीत गाणे अवघड आहे. टोकाच्या गायकाला दुसऱ्या टोकाचा आवाज सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढा उशिरा येतो. कानाने ऐकून सूर जुळवायला गेला तर तो मागे पडेल, त्याचे ऐकून शेजारचा मागे पडेल, आणि सगळे गाणे रेंगाळत जाईल. म्हणून त्याने कानाकडे दुर्लक्ष करून डोळ्यांवर भरवसा ठेवायला हवा. कमानीच्या मध्याशी असलेल्या नायकाच्या कुशीवरचे पट्टे ज्या क्षणी उजळतील त्या क्षणी सूर लावायचा, कानावर काहीही पडत असले तरी. हे अंगवळणी पडायला वर्षे लागतील. आणि आरडाओरड्यात, आपल्याच बाजूचे उलटसुलट आवाज कानी पडत असताना, ठरलेल्या खुणेवरून न ढळणे हे लढाईतही सर्वांत अवघड काम आहे. दूरस्थ यांच्या भाषेत सांगायचे तर हा पुरावा खोटा करता येत नाही, कारण जी क्षमता सिद्ध करायची आहे तीच तो देताना वापरावी लागते.

मासोळी

कमानीची कल्पना फार आवडली, आणि वाचनखूण साठवली आहे. पण मग एकट्याने गाणाऱ्याला या समाजात जागाच नाही का?

पाणकणीस

मासोळी, नायकाची जागा ती एकट्याचीच आहे, आणि तो चुकला तर सगळे चुकतात. मला वाटते की नायक होण्यासाठी प्रत्येकाला आधी रात्रभर एकट्याने गावे लागत असेल.

तळटीप

माझा पहिला आक्षेप अजून उभा आहे. कमानीतला एकेक गायक घडायला वर्षे लागत असतील, तर त्याला मरणाच्या तोंडी देणे आणखीच महाग झाले.

पाणकणीस

तळटीप, महाग झाले म्हणूनच ते ओरवांच्या हिताचे आहे असे मी म्हणेन. आठ रंगवीर गेले की कुळाची कमान आठ जागी फाटते आणि पुढच्या प्रत्येक सादरीकरणात ते शेजाऱ्यांना ऐकू येते. माणसांचे राज्य आपली हानी लपवू शकते, पण ओरवांना ती लपवता येत नाही, आणि नवे गायक तयार होईपर्यंत कित्येक वर्षे ते कुळ प्रत्येक तंट्यात दुबळे ठरते. ज्याने लढाई जिंकली त्याचीही गत तीच होते. लढणारे वेगळे असते, स्वस्त असते आणि लवकर तयार होणारे असते, तर कुळाच्या प्रमुखांनी प्रत्येक झऱ्यासाठी त्यांना खर्ची घातले असते.

वंशावळी आणि करार यांचे म्हणाल तर ते वृद्धांकडे ठेवावेत. उल्का यांनी विचारलेला परीक्षक मला तिथेच दिसतो. ज्याचा श्वास आता पुरत नाही असा जुना रंगवीर कमानीतून बाहेर पडतो, केंद्राशी जाऊन बसतो आणि ऐकतो.

गारगोटी

ब्राझीलमधल्या कापोएराचा उल्लेख इथे व्हायला हवा, कारण त्यात वाद्य, गाणे आणि लढत यांची फारकत करताच येत नाही. १८९० च्या दंडसंहितेने कापोएरा हा गुन्हा ठरवला. तिथल्या परंपरेत बेरिंबाउ या एकतारी वाद्यावर एक विशिष्ट ताल आहे, जो घोडेस्वार पोलीस येत असल्याची सूचना देण्यासाठी वाजवला जाई असे सांगतात. वाद्याचा ताल बदलला की खेळाडूंची चालही बदलते. पट्ट्यांच्या खुणांसाठी धागालेखिकेला हे उपयोगी पडेल.

उल्का

इतका वेळ आपण शेजाऱ्यांचा विचार केला, आता घरातल्यांचाही करू या. ज्यांच्या हाती शस्त्र आहे आणि ज्यांच्या मुखी कुळाची कथाही आहे, त्यांना आवरणार कोण? राज्यकर्त्यांना या जोडीची भीती वाटते ती उगाच नाही. १८५४ साली चीनमधल्या फोशान येथे ली वेनमाओ या कँटोनीज संगीतनाट्याच्या नटाने चिंग राजवटीविरुद्ध बंड केले, आणि नाट्यमंडळींतले लढतीच्या भूमिका करणारे नट त्याच्यासोबत रणात उतरले. त्यानंतर राजवटीने त्या नाट्यप्रकारावरच बंदी घातली. उलट बाजूचे उदाहरण जपानचे आहे. तोयोतोमी हिदेयोशी याने सत्तेच्या शिखरावर असताना स्वतः नोह नाट्यात भूमिका केल्या आणि आपल्याच पराक्रमांवर नवी नाटके लिहवून घेतली. जो लढला त्यानेच लढाई कशी झाली हे रंगमंचावरून सांगितले, तर तिसरी बाजू कुणी सांगायची?

ओरवांच्या समाजात हा धोका खरा आहे, आणि तो कथेत दिसायला हवा. झऱ्याकाठच्या शेतकऱ्याला युद्ध कसे दिसले हे त्या जगात कधीच गायले जात नसेल, तर मला त्या समाजाबद्दल प्रेम वाटणार नाही.

तळटीप

उल्का यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. कमानीचा युक्तिवाद मी आता मान्य करतो, पण त्यातून इतरांनी चारचौघांत गाऊच नये हे निघत नाही. नियम इतकाच निघतो की कमानीत जो उभा राहील त्याने लढावे. शेतकऱ्याच्या गाण्यावर बंदी घालण्याचे कारण फक्त रंगवीरांची मक्तेदारी असू शकते, आणि धागालेखिकेने ती मक्तेदारी म्हणूनच दाखवावी, समाजाची गरज म्हणून नव्हे.

शुक्रतारा

मला मात्र त्या बंदीलाही एक कारण दिसते. कुळाच्या वस्तीतून येणारा कुठलाही सामूहिक आवाज शेजारी कान देऊन ऐकत असतील, तर पेरणीच्या वेळी शंभर शेतकऱ्यांनी एकत्र म्हटलेले गाणे दूरच्या टेकडीवरून युद्धाची तयारी वाटू शकते. म्हणून शेतकऱ्यांनी एकेकट्याने किंवा एकमेकांशी मुद्दाम न जुळणाऱ्या चालींत गावे असा संकेत पडला असेल. त्यातून एक संपूर्ण वेगळी कला जन्माला येऊ शकते, अनेकांनी एकाच वेळी आपापले गाणे म्हणण्याची.

तळटीप

शुक्रतारा, हे मला पटले, आणि आवडलेही. उल्का यांची तिसरी बाजू त्याच न जुळणाऱ्या गाण्यांतून सांगितली जाईल, आणि रंगवीरांना तिच्यावर अधिकार सांगता येणार नाही.

गारगोटी

एक गोष्ट राहून गेली. शांततेच्या काळात रंगवीरांचे प्रयोग कोण पाहते? मला वाटते की शेजारच्या कुळांना आग्रहाने बोलवायला हवे. ज्या वर्षी कुळ आपल्या उत्सवाला शेजाऱ्यांना बोलावणार नाही, त्या वर्षी त्याची कमान फाटलेली आहे हे सगळे ओळखतील.

अर्धमात्रा

गारगोटी, पहिले प्रकरण मी याच उत्सवावर लिहायला घेतले आहे. पाहुण्या कुळाच्या वृद्धेला कमानीच्या केंद्राशी नेऊन बसवतात. तिने ऐकून झाल्यावर आपल्या कुळाकडे परत जाऊन खरे तेच सांगायचे, असा दोन्ही कुळांत करार आहे. शेतकऱ्यांवरची बंदी मी काढून टाकत आहे आणि तिच्या जागी शुक्रतारा यांची न जुळणारी गाणी घेत आहे. ढोंगी कुळ दुसऱ्या भागात येईल. पाणकणीस, कमान उतारावर उभी करावी लागली तर अंतरांचे गणित कसे बदलेल हे सवडीने लिहाल का? माझी दरी सपाट नाही.

पाणकणीस

अवश्य लिहितो. ऐकणारा वर आहे की खाली, आणि उतार साधारण किती अंशांचा आहे, एवढे मात्र आधी कळवा.